दिसलाच नाही!

अपघात झाल्यावर माणसाच्या तोंडून पहिले सबंध वाक्य कोणते बाहेर पडते, याचा वाचकांनी कधी विचार केला आहे काय? 'अरे देवा', 'आई गं' हे नुसते उद्गार झाले; त्यांना वाक्य म्हणता येणार नाही. पण धूळ खाली बसते, चार माणसे धावत येतात, कुणी पडलेल्याला पाणी पाजते, आणि मग गाडीवाला कपाळावरचा घाम पुशीत म्हणतो, "मला तो दिसलाच नाही हो!" गाव कोणतेही असो, गाडी कोणतीही असो, वाक्य हेच. मीही हेच बोललो आहे. म्हणूनच दिवाळीच्या चकली-करंजीच्या वासात अपघातासारखा अभद्र विषय काढण्याचे धाडस करीत आहे. यातला आरोपी मीच असल्यामुळे वाचक मला क्षमा करतील, अशी आशा आहे.

मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकचे (आता त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या घरात अजून मॅट्रिकच चालते) आणि त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तत्त्वज्ञानाचा आणि माझा संबंध वाचनालयापुरताच. तरीही एक प्रश्न गेली चार वर्षे माझ्या मानगुटीवर बसला आहे, आणि तो खास तत्त्वज्ञानाचाच आहे, असे जाणकार म्हणतात. तो प्रश्न असा : जे मला दिसलेच नाही, त्याबद्दल मी दोषी कसा?

आमचा भाग उसाचा. दिवाळी उलटली की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्त्यांवर उसाच्या गाड्या लागतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्या जोडीला अजूनही बैलगाड्या. चार वर्षांपूर्वीची पौषातली संध्याकाळ. सात वाजून गेले होते. मी स्कूटरवरून शेजारच्या गावाहून परतत होतो. वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास असेल. म्हणजे बेफाम म्हणता येईल असा मुळीच नव्हता. समोरून एक ट्रॅक्टर आला, डोळे दिपवून गेला आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला. त्यानंतर काही वेळाने खिशातला फोन थरथरला. त्या दिवसांत माझी एक कादंबरी संपादकांकडे पडून होती आणि मी त्यांच्या उत्तराची चातकासारखी वाट पाहत होतो. मी फोन बाहेर काढला. मजकूर वाचला. संपादकांचा निरोप नव्हताच तो. रिचार्ज संपत आल्याची सूचना होती. मान वर केली तेव्हा समोर सायकल होती, आणि ब्रेक दाबायला वेळ उरला नव्हता.

सायकलची चेन पडली म्हणून ती हाताने ढकलीत चाललेला एक मुलगा. आमच्याच शाळेचा, आठवीतला. रस्त्याच्या अगदी कडेने चालला होता. त्याच्या डाव्या पायाची नडगी मोडली. माझे फक्त कोपर खरचटले.

माणसे जमली. मी म्हणालो, "दिसलाच नाही हो. समोरून ट्रॅक्टर आला, फुल लाईट. डोळ्यांपुढं अंधारी आली."

ट्रॅक्टर आला होता, हे खरे. फुल लाईट होता, हेही खरे. पण तो जाऊन बराच वेळ झाला होता, आणि मधल्या वेळात मी फोनमध्ये डोके घातले होते, एवढेच काय ते मी सांगितले नाही. दोन खऱ्या गोष्टी शेजारी-शेजारी मांडून त्यांच्यामधून एक खोटे किती सहज उभे करता येते, हे कादंबरीकाराला कुणी शिकवावे लागत नाही.

गर्दीने मला तत्काळ निर्दोष ठरवले. "सर, तुमची काय चूक? पोरगंच काळोखात निळा शर्ट घालून चाललंय. सायकलला दिवा नाही, काही नाही." मुलाचा बाप आला. तो स्वतः बैलगाडीने ऊस वाहणारा. रात्रीचा रस्ता माझ्याहून शंभर पटींनी अधिक जाणणारा. त्याने मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि हात जोडून म्हणाला, "आमचंच चुकलं, सर." दवाखान्याचा खर्च मी केला. त्यावर गावात माझे कौतुक झाले. तक्रार कोणी केली नाही. गुन्हेगाराची एवढी सुखात सुटका झाल्याची उदाहरणे माझ्या कादंबऱ्यांतही नाहीत.

आता थोडा हिशेब करू. ताशी पंचेचाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. फोन काढून दोन ओळी वाचायला तीन सेकंद धरले, तरी साडेसदतीस मीटर होतात. तेवढे अंतर मी डोळे मिटून गेलो, असे म्हटले तरी चालेल. एखाद्याने मला सांगितले असते, "सर, डोळ्यांवर पट्टी बांधून चाळीस पावले पळा, वाटेत मुले असतील-नसतील," तर मी त्याला वेड्यात काढले असते. स्कूटरवर बसून तेच मी काही विचार न करता केले.

आपल्या भाषेने या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. 'तो मला दिसला नाही' या वाक्यातला कर्ता कोण, असे आमचे व्याकरणाचे शिक्षक सातवीच्या वर्गाला विचारीत. अर्धा वर्ग 'मला' म्हणे आणि छड्या खाई. कर्ता 'तो'. दिसण्याची क्रिया करणारा तो, आणि न दिसण्याचीही. म्हणजे रस्त्यावर नडगी मोडून पडलेला मुलगा या वाक्याचा कर्ता होतो, आणि स्कूटरवाला चतुर्थीच्या प्रत्ययाआड नामानिराळा उभा राहतो! दुसरे वाक्य करता येत नाही असे नाही. 'मी पाहिले नाही' हेही शुद्ध मराठीच आहे. पण अपघातानंतर हे वाक्य उच्चारलेले मी अद्याप ऐकलेले नाही. दिसणे ही वस्तूची गोष्ट. पाहणे ही माझी. या दोन क्रियापदांच्या मध्ये कुठेतरी माझा प्रश्न लपून बसला होता.

यावर कुणी म्हणेल, डोळे उघडे असूनही माणसाला दिसत नाही, हे आता शास्त्रानेच सिद्ध केले आहे. खरे आहे. १९९९ साली अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या मंडळींचे चित्रण लोकांना दाखवून, चेंडू किती वेळा टाकला ते मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा पोषाख केलेली व्यक्ती त्या खेळाडूंमधून चालत गेली. मोजण्यात गुंतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! हे वाचून प्रथम मला हायसे वाटले. चला, दोष माझा नव्हे, डोळ्यांच्या घडणीचा.

पण हे समाधान टिकले नाही. माझे डोळे असे फसवे आहेत, हे कळल्यावर माझी जबाबदारी कमी होते की वाढते? ज्याचा तराजू खोटा आहे आणि ज्याला ते ठाऊक नाही, तो दुकानदार एक वेळ क्षम्य. पण तराजू खोटा आहे हे कळल्यावरही तो तसाच तोलीत राहिला, तर? डोळ्याला एका वेळी एकच गोष्ट धड दिसते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ती एक गोष्ट रस्ताच असावी, याची तजवीज आधी केली पाहिजे.

हा 'आधी' शब्द मला रामायणाने दिला. श्रावणबाळाची गोष्ट आपण लहानपणी कावडीसाठी ऐकतो, मातृपितृभक्तीसाठी ऐकतो. दशरथाच्या बाजूने ती आपण फारशी ऐकत नाही. रात्रीची वेळ, शरयूचा काठ, पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज. राजाला वाटले, हत्ती पाणी पीत आहे. त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. माणूस मारण्याचे त्याच्या स्वप्नातही नव्हते. अंधारात त्याला काही दिसणेच शक्य नव्हते. मग त्याला शाप का? 'दिसलाच नाही' ही सबब त्याच्याइतक्या प्रामाणिकपणे आजवर कोणी दिली नसेल!

पण शब्दवेध म्हणजे काय? न पाहता मारण्याची विद्या. तीच तर त्याची प्रौढी होती. बाण सुटल्यावर राजाच्या हाती काही उरले नव्हते. मान वर केल्यावर माझ्याही हाती काही उरले नव्हते. शेवटच्या क्षणी आपण दोघेही निरपराध, असे आम्ही म्हणू शकतो. पण दोषाचा क्षण तो नव्हेच. काळोखात प्रत्यंचेला बाण लावला तो राजाच्या दोषाचा क्षण, आणि चालत्या स्कूटरवर खिशात हात घातला तो माझा. त्या क्षणी दोघांनाही सर्व काही ठाऊक होते. नदीवर माणसे पाण्याला येतात, हे राजाला ठाऊक होते. रस्त्याने मुले घरी जातात, हे तर रोज त्यांची हजेरी घेणाऱ्या मला नक्कीच ठाऊक होते.

आता दुसरी बाजू. मुलाने दिवा बाळगायला नको होता काय? बाळगायला हवा होता. जुन्या बैलगाडीच्या खाली कंदील टांगलेला असे; गाडीवान झोपला तरी कंदील जागा राही. त्या कंदिलाच्या उजेडात गाडीवानाला वाट फारशी दिसत नसे. तो त्याच्यासाठी नव्हताच. तो दुसऱ्यांसाठी होता, 'इथे कोणी आहे' एवढे सांगण्यासाठी. आज त्याची जागा तांबड्या चकचकीत पट्टीने घेतली आहे. आमच्याकडे तिला सगळे रेडियम म्हणतात, जरी तिच्यात रेडियमचा कणही नसतो. ती पट्टी स्वतः उजळत नाही. आपल्या दिव्याचा उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये पर्सी शॉ नावाच्या गृहस्थाने १९३४ साली रस्त्यात बसवायचे 'मांजराचे डोळे' काढले. तेव्हा दिसण्याची साधने जरूर हवीत. पण उजेड परत आला, तरी दिव्यामागे डोळा हवा ना? माझ्या तीन सेकंदांत त्या मुलाच्या अंगावर पायापासून डोक्यापर्यंत रेडियम चिकटवलेले असते, तरी ते मला फोनमध्ये दिसले नसते.

सावधगिरी वेगळी आणि अपराध वेगळा. पायी चालणाऱ्याने दिवा घ्यावा, ही सावधगिरी. त्याने तो घेतला नाही, म्हणून माझ्या हातातला फोन अदृश्य होत नाही.

आणि मुळात हे ओझे चालणाऱ्याच्या खांद्यावर आले कधी? इंग्लंडमध्ये १८६५ साली झालेल्या कायद्याने असे ठरवले होते की, यांत्रिक गाडीच्या पुढे साठ यार्डांवर एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे, आणि गाडीने गावात ताशी दोन मैलांहून व बाहेर चार मैलांहून अधिक धावू नये. आज त्याचे हसू येते. पण त्या हास्यास्पद कायद्यात एक न्याय होता : जो धोका घेऊन येतो, त्याने वर्दी द्यावी. १८९६ साली ऑगस्ट महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मुलगी तिच्या सोबत होती. मोटारीखाली मेलेली ब्रिटनमधील ही पहिली पादचारी. पंचांनी 'अपघाती मृत्यू' असा निकाल दिला. असे पुन्हा कधी न घडो, अशी आशा त्या चौकशीत कॉरोनरने व्यक्त केली, असे सांगतात. त्यानंतर किती वेळा घडले ते विचारू नका. केवळ आपल्या देशात, केवळ २०२२ या एका वर्षात, रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, असा सरकारी अहवाल आहे. रोज साडेचारशेहून अधिक. त्या आकड्यात 'दिसलाच नाही' हे वाक्य किती वेळा उच्चारले गेले असेल, त्याची नोंद मात्र कुठल्याच अहवालात नसते.

निशाणवाला माणूस गेला, आणि हळूहळू वर्दी देण्याचे काम चालणाऱ्याकडे आले. तू पांढरे कपडे घाल, तू दिवा घे, तू कडेने चाल. सल्ला चांगलाच आहे. पण सल्ला देणारा नेहमी गाडीत बसलेला असतो, हे लक्षात ठेवावे. त्यातही, ज्याला रात्री रस्त्याने पायी जावे लागते, त्याच्याकडे निवडून घालायला चार शर्ट असतीलच असे नाही.

माझी गोष्ट अपुरी राहिली. दोन महिने मी ते गुपित पोटात ठेवले. कादंबरी साभार परत आली. तिचे दुःख होईना. वर्गात त्या मुलाचा बाक रिकामा असे. शेवटी एका रविवारी त्याच्या घरी गेलो. बाप अंगणात बैलांना वैरण टाकीत होता. मी उभ्या-उभ्याच सारे सांगितले : ट्रॅक्टर आधीच गेला होता, मी फोन पाहत होतो, मुलाची काही चूक नव्हती.

त्याने हातातली पेंढी खाली ठेवली. मला वाटले, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरे झाले असते. तो म्हणाला, "हे त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी पोराला मारलं नसतं, सर."

पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मुलाला त्याने घरी आणल्यावर दोन थपडा दिल्या होत्या. रात्रंदिवस गाडीवर रेडियम, कंदील सांभाळणाऱ्या बापाचा मुलगा अंधारात बिनदिव्याचा चालतो म्हणून. माझ्या एका वाक्याने ती थप्पड मारली होती. अपघात तीन सेकंदांचा होता. खोटे दोन महिने चालत राहिले होते, आणि ते कुणाच्या अंगावरून गेले हे मी पाहिलेच नव्हते.

मी काही बोलणार, तोच तो म्हणाला, "मला नका सांगू. त्याला सांगा."

मुलगा आत पडवीत पाय लांब करून बसला होता. त्याला सांगितले. चाळीस मुलांपुढे रोज बोलणाऱ्या माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "म्हणजे सर, माझा शर्ट दिसत होता?"

त्याने तो निळा शर्ट त्या दिवसानंतर अंगाला लावला नव्हता. नवा होता, मामाने दिलेला.

"दिसत होता," मी म्हणालो. "मी पाहिलं नाही."

मराठीतले हे साधे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा नीट म्हटले, ते चाळिशीच्या घरात आल्यावर.

दशरथाची गोष्ट पुढे काय सांगते ते आठवा. तो पाणी घेऊन आंधळ्या मायबापांकडे स्वतः गेला आणि आपण काय केले ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्याला पळून जाता आले असते. रात्र होती, साक्षीदार नव्हता. एवढे एक केल्यामुळेच तो राजा मला आजही जवळचा वाटतो. मला मात्र शरयू ओलांडायला दोन महिने लागले.

तेव्हापासून 'लक्ष देणे' या आपल्या शब्दप्रयोगाकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. आपण लक्ष 'देतो'. देतो म्हटले की दानाचा भास होतो. जणू दिले तर उपकार, न दिले तर आपली मर्जी. पण 'देणे' या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे. वाण्याचे देणे, सावकाराचे देणे. रस्त्यावर लक्ष देणे हे या दुसऱ्या अर्थाचे देणे आहे. किल्ली फिरवली की ते आपल्या नावावर चढते, आणि समोरून येणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्या क्षणापुरता आपला सावकार होतो. तो मागत नाही, कारण त्याला ठाऊकच नसते. म्हणून ते बुडवणे सोपे जाते.

चित्रकलेच्या तासाला मी पाटावर घडा ठेवतो आणि मुलांना म्हणतो, "माहीत आहे तो घडा काढू नका, दिसतो तो काढा." तरी निम्मी मुले माहीत असलेला घडाच काढतात, समोर बघतसुद्धा नाहीत. मी त्यांना रागावत असे. आता जपून रागावतो. रोजच्या रस्त्यावरून जाताना मीही माहीत असलेला रस्ताच पाहत होतो, कालच्यासारखाच मोकळा.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. पाय जुळला, पावसाळ्यात थोडा दुखतो म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत, पाडव्याला, आम्ही काही मंडळी उसाच्या गाड्यांना रेडियमच्या पट्ट्या लावतो, तोही येतो. गेल्या वर्षी एका ट्रॉलीला पट्टी चिकटवताना तो मला म्हणाला, "सर, हे लावतोय खरं, पण ड्रायव्हरच्या फोनला काय लावायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी माझा फोन स्कूटरच्या डिकीत टाकतो आणि मगच किल्ली फिरवतो. त्यापलीकडे मला अजून काही सुचलेले नाही.

हा अंक हातात पडेल तेव्हा आपल्या दारात पणत्या असतील, गच्चीवर आकाशकंदील असेल. आपल्याला घरातले नीट दिसावे म्हणून आपण ते लावीत नाही. ते बाहेरच्यासाठी असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. भाऊबीजेची ओवाळणी घालून, फराळाचे डबे घेऊन आपण रात्री परत निघाल, तेव्हा मराठवाड्यातून आलेल्या तोडकऱ्यांच्या गाड्या रस्त्याला लागलेल्या असतील. बैल दमलेले असतील, गाडीवान पेंगत असेल, मागे एखादे पोर उसाच्या मोळीवर झोपलेले असेल. त्यांच्या गाडीला कंदील असेल, कदाचित नसेलही. आपल्या गाडीला तर दोन आहेत. एवढ्या उजेडात आपण पाहावे, इतकीच या दिवाळीला माझी आपल्याकडे मागणी.